वरच्या आळीचा, खालच्या आळीची

दीदिमोने कोंबडा उकळत्या पाण्यात बुडवून काढला आणि अंगणात पिसे उपटायला बसला. तेवढ्यात सेनोबिया फाटकातून आत आली. तिच्या हातात केळीच्या पानात बांधलेला चीजचा चांगला दांडगा गोळा होता.

"कोंबडा कुणाचा?" तिने विचारले.

"तेल्मोचा. वरच्या आळीनं मला गायला सांगितलंय. चीज कुणाचं?"

"ग्रेगोरियाबाईंचं. खालच्या आळीनं मला सांगितलंय."

दीदिमोने एक पीस उपटले आणि ते हातातच धरून बसला.

कोरोतू गावात पाण्याची टाकी एकच, आणि तीही टेकडीवर. मार्च महिन्यात वरची आळी गुरे धुवायची, तर खालच्या आळीच्या नळातून नुसती हवा फुसफुसायची. पाणी समितीच्या गेल्या बैठकीत ग्रेगोरियाबाईंनी रिकामी बादली तेल्मोच्या डोक्यावर उपडी घातली होती. त्यानंतर कुणीतरी कोयत्याने पाइपच तोडला, म्हणजे दोन्ही आळ्या कोरड्या. मग तरणी पोरे कोयते घेऊन नाक्यावर उभी राहू लागली, तसे पाद्रीबाबांनी जाहीर केले की यापुढे या विषयावर कुणी एक शब्द बोलायचा नाही. संत होसेच्या जत्रेत भांडण गाऊन मांडायचे, जुन्या रीतीप्रमाणे. दोन्ही बाजूंनी आपापला गायक आणायचा आणि कडवे संपेपर्यंत सगळ्यांनी तोंड मिटून ऐकायचे. शेवटची ओळ दोघांनाही एकच, पाद्रीबाबांनी दिलेली: पाणी माझ्यापर्यंत आलंच नाही.

उभ्या उभ्या दहा ओळींचे कडवे जुळवणारी पंचक्रोशीत दोनच माणसे उरली होती, आणि ती एकमेकांशी लग्न करून बसली होती.

"तू नाही म्हणून सांग," दीदिमो म्हणाला.

"चीज परत करू? तू कोंबडा परत कर की."

कोंबड्याची अर्धी पिसे जमिनीवर होती. विषय तिथेच संपला.

गाणे बांधायचे तर आधी गोष्ट ऐकायला हवी. दीदिमो रोज संध्याकाळी तेल्मोच्या ओसरीवर जाऊन बसू लागला, सेनोबिया ग्रेगोरियाबाईंच्या स्वयंपाकघरात. घरी परतल्यावर जेवताना दोघांचे जुंपायचे.

"तुमच्या लोकांनी टाकी बांधताना एक पाटी तरी उचलली का?"

"आमच्या लोकांनी? ती म्हातारी अजून ओढ्यावरनं घागरी वाहतेय. तुमची गुरं मात्र रोज आंघोळ करतात."

"माझ्याकडे एकही गाय नाही, सेनोबिया."

"ते मला सांगू नकोस, तुझ्या तेल्मोला सांग."

दीदिमोने तीन दिवस एकट्याने कोंबडा खाल्ला. सेनोबियाने चीज शेजारणीकडे ठेवले.

जत्रेच्या दिवशी मांडवात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. मध्ये गिटारवाला. आळ्या दोन बाजूंना बसायला निघाल्या, पण पाद्रीबाबांनी तेल्मो आणि ग्रेगोरियाबाई यांना पहिल्या बाकावर शेजारी बसवले, म्हणजे आपल्याला दोघांवर एकदम लक्ष ठेवता येईल म्हणाले.

दीदिमोने तेल्मोच्या वतीने सुरुवात केली. कडव्याच्या शेवटी तो गायला:

*पाठीवर वाळू, डोक्यावर ऊन, सावली कुठं दिसलीच नाही,*
*खाली चालला होता नाच, वर कुणी चढलंच नाही,*
*घसा कोरडा, टाकी कोरडी, तक्रार मात्र केलीच नाही,*
*बांधली मीच पाण्याची टाकी, पाणी माझ्यापर्यंत आलंच नाही.*

"मी वर प्यायला पाणी पाठवलं होतं की—" ग्रेगोरियाबाईंनी तोंड उघडले. पाद्रीबाबांनी पाहिले. बाईंनी तोंड मिटले आणि थोड्या वेळाने आपल्या पायांकडे पाहू लागल्या. पाठवले नव्हते बहुधा.

सेनोबियाने घागरी गायल्या, गुडघे गायले, रात्री नळाखाली ठेवलेली आणि पहाटे कोरडीच उचललेली परात गायली. तेल्मोने टोपी काढून मांडीवर ठेवली. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीत सेनोबियाने डोळे मिटले.

*साऱ्या गावच्या सणाला गातो, घरात तोंड उघडलंच नाही,*
*कुणाचं बारसं, कुणाचं लग्न, ओळ कधी चुकलीच नाही,*
*चुलीपाशी मी बोलत गेले, माझं त्यानं ऐकलंच नाही,*
*नदीच्या काठी संसार केला, पाणी माझ्यापर्यंत आलंच नाही.*

गिटारवाल्याचा एक सूर चुकला.

"हे पाइपाबद्दल नाहीये," तेल्मो कुजबुजला.

"गप्प बसा. ऐका," ग्रेगोरियाबाई म्हणाल्या.

आता पाळी दीदिमोची होती. तेल्मोच्या बाजूचे एक झकास कडवे त्याने आठवडाभर घोळवले होते. ते आठवेना. त्याने तोंड उघडले तेव्हा भलतेच बाहेर पडले: की घरात कुठलीही गोष्ट सुरू केली की तिचा शेवट बायकोच सांगते, की त्याचे विनोद ती पाहुण्यांना आधीच सांगून टाकते, की शेवटी माणूस बोलायचे सोडतो. आणि मग तीच ओळ. ती मात्र बरोबर बसली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. पाद्रीबाबांनी घाईघाईने मिरवणूक सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजले. तेल्मो आणि ग्रेगोरियाबाई, दोघे एकत्र, बरोबर सांकोचोचे, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याचे, भांडे. भांड्याचा एकेक कान एकेकाने धरला होता.

"तुमच्या दोघांचं काय चाललंय?" ग्रेगोरियाबाई बसता बसता म्हणाल्या. "आमच्यापायी घर मोडू नका. सेनोबिया, तू माझ्याकडून गायलीस, पण खरं सांगते, दीदिमोचं चूक नाही. वरच्या माणसानं किती केलं ते खालच्यानं आधी बोलून दाखवावं, मग मागावं. रिकामी बादली डोक्यावर घालून कोण देतं?"

"नाही बाई," तेल्मो म्हणाला, "मला तर सेनोबियाचं पटलं. वर टाकी भरलेली असली की खाली नळाला काय येतं ते वरच्याला दिसतच नाही. त्यानं स्वतः उठून बघायला पाहिजे."

एवढे बोलून तो थांबला. ग्रेगोरियाबाईही त्याच्याकडे बघत होत्या.

"सकाळी तुम्ही," तेल्मो शेवटी म्हणाला, "संध्याकाळी आम्ही. चालेल?"

"आधी पाइप जोडा," ग्रेगोरियाबाई उठत म्हणाल्या. "आणि सकाळ म्हणजे कधीपासून ते नीट ठरवा. तुमची सकाळ दहाला उगवते."

सकाळ कधी उगवते यावर वाद घालत दोघे फाटकाबाहेर पडले. आवाज ओढ्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होते.

दीदिमोने दोन ताटल्या मांडल्या. एरवी हे काम त्याचे नव्हते. ताटल्या कुठे असतात हेही त्याला शोधावे लागले.

"कालचं," त्याने विचारले, "ते सगळं ग्रेगोरियाबाईंचं होतं का?"

"पहिली दोन कडवी."

तो तिच्यासमोर बसला. रस्सा निवत होता.

"बोल मग," तो म्हणाला.

सेनोबिया सुरुवातीला अडखळत, मग सावकाश बोलू लागली. मध्ये दोनदा तिच्या वाक्याला जुळणारी नेमकी ओळ त्याच्या ओठांवर आली. दोन्ही वेळा त्याने ती गिळली.