दिवसभर कोणापाशी

आमचं काम म्हणजे काचेआड बसून लोकांची पोरं बघायची. मुलं खेळतात त्या खोलीतून ती काच आरशासारखी दिसते, आम्हाला मात्र पलीकडचं सगळं दिसतं. मूल खेळणं दाखवायला आणतं का, दाखवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतं का, आपली पाळी येईपर्यंत दम धरतं का, यावर खुणा करायच्या. त्यावरून त्याला नेहमीच्या वर्गात घ्यायचं की वेगळ्या, हे शाळा ठरवते.

त्या दिवशीचा मुलगा जेमतेम चार वर्षांचा. आई बँकेत अधिकारी. आत शिरल्या शिरल्या तिनं त्याला भंडावून सोडलं. "हा कुठला रंग? यात मोठा कुठला? सांग ना, घरी तर येतं तुला." आम्ही नुसतं खेळा म्हणतो आणि या आया परीक्षा घेत बसतात. मुलगा पाठ फिरवून भिंतीशी बसला, तोंडाला कुलूप. माझा कागद कोरा राहिला.

बाहेर येऊन तिनं विचारलं, "आता वेगळ्या वर्गात घालतील ना?"

"असंच राहिलं तर घालतील," मी म्हणाले. खोटं बोलून काय मिळणार? "दिवसभर कोणापाशी असतो?"

"सांभाळणाऱ्या काकूंपाशी. त्या बाहेर बाकावर बसल्यात."

मी काकूंना आत पाठवलं आणि आईला माझ्याशेजारी बसवलं. काकू गुडघे धरत जमिनीवर बसल्या, ठोकळ्यावर ठोकळा ठेवायला गेल्या आणि म्हणाल्या, "मला नाही बाबा हे जमत." झालं, तो ठोकळे घेऊन धावलाच. "असं नाही काकू. थांब, आता माझी पाळी." मनोरा कोसळला तेव्हा त्यानं आधी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं, मग दोघंही पोट धरून हसली. मला खुणा करायला उसंत मिळेना.

"म्हणजे तो व्यवस्थित आहे," आई म्हणाली.

"अगदी. नेहमीच्याच वर्गात जाईल."

तिनं डोळे पुसले. आनंद झाला होता आणि तेवढंच वाईटही वाटलं होतं. मग म्हणाली, "मी आत जाऊन बसू? काही विचारणार नाही. तुम्ही मोजू नका."

मी पेन्सिल खाली ठेवली.

ती आत गेली. मुलानं वर पाहिलं, खेळ थांबवला, कोपऱ्यातली छोटी खुर्ची तिच्यासाठी ओढत आणली आणि पाहुण्यांना म्हणावं तसं म्हणाला, "बस ना." मग जाऊन काकूंना टेकून बसला.

आमच्या मोजमापात अशा वागण्याला पैकीच्या पैकी गुण आहेत.