अर्धी चूक

बारामतीत बापूसाहेब वकिलांच्या ओसरीवर जोतीराम कुबड्या टेकत चढला, तेव्हा हिंदुराव आधीच खुर्चीत पाय पसरून बसला होता. असणारच, दोन्ही पाय धड होते त्याचे. ते बघून मुक्ताबाईच्या मस्तकात तिडीक गेली, पण नवऱ्याला धरायचं होतं म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं.

सुगीत जोतीराम उसाची गाडी घेऊन भवानीनगरच्या कारखान्याकडं निघाला होता. गाडी शिगोशीग भरलेली, म्हणून तो खाली उतरून बैलांच्या कडेनं, पार रस्त्याच्या मधून चालला होता. मागून हिंदुरावची फटफटी भरधाव आली आणि त्याला उडवून गेली. गुडघ्याखाली पाय कापावा लागला. भरपाईचा दावा लावायचा होता, पण त्याआधी वकिलांनी दोघांना समोरासमोर बसवलं.

"हॉर्न का नाही वाजवला?" बापूसाहेबांनी विचारलं.

"ह्यानंच बंदी घातलीया," हिंदुराव म्हणाला. "मागं बाजारात माझ्या हॉर्ननं ह्याची बैलं बुजली. तवा चारचौघांत काय म्हणाला ते इचारा त्याला."

मुक्ताबाईनं हळूच नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. नाही म्हणा, एवढंच तिचं सांगणं होतं. पण हा बाबा कसला खोटं बोलतोय!

"म्हणालो व्हतो," जोतीराम म्हणाला. "पुन्यांदा माझ्या बैलांमागं वाजवलंस तर हात मोडीन. आजबी म्हणतो."

बापूसाहेबांनी कपाळाला हात लावला. "मग संपलंच. वेगाची चूक त्यांची, दमदाटीची आणि मधून चालण्याची तुमची. कोर्टात अर्धी भरपाई मिळाली तरी नशीब समजा."

"अर्धी तर अर्धी," जोतीराम म्हणाला. "पण अर्धी चूक माझी हाय, असं त्यानं हितं तोंडानं म्हणावं."

हिंदुरावनं खिशातून नोटा काढल्या आणि मांडीवर ठेवल्या. "अर्धी कशाला, सगळी घे की. चूक माझी न्हाय. गरिबाला दान केलं म्हणीन."

"थू तुझ्या दानावर. चल गं मुक्ते." जोतीराम कुबड्या सावरत उठला आणि पायरीकडं वळला.

मुक्ताबाई जागची हलली नाही. ऊस अजून निम्मा रानात उभा होता, गाडीवर गडी लावायचा होता, आणि ह्या दोघांना आपापल्या मिशांची पडली होती. तिला दोघांचाही सारखाच संताप आला. तिनं हात पुढं केला.

"चूक तुमी दोघं बसून वाटून घ्या. पैसं हिकडं द्या."

हिंदुरावनं नोटा उचलल्या, पण दिल्या नाहीत. "दान म्हणूनच घेताय न्हवं, वैनी?"

"व्हय," ती म्हणाली. "दान म्हणून."

जोतीरामनं ते पायरीवर ऐकलं. नोटा कनवटीला लावून ती धावत गेली, त्याला धरू लागली. त्यानं तिचा हात झटकला, कुबड्या खाली फेकल्या आणि बसून, ढुंगण घासत, एकेक पायरी एकटाच उतरला.