थोडं उजळ

उर्वशीने गिऱ्हाइकाच्या फोटोवर माऊस फिरवला आणि मुलीचा चेहरा दोन घरं उजळ केला. मग मान केली, मग कान. कान लोक हमखास विसरतात. ती विसरत नसे. दारव्ह्यात तिच्या वडिलांचा, घनश्यामरावांचा, फोटो स्टुडिओ होता, आणि लग्नासाठी फोटो काढायला आलेल्या प्रत्येक मुलीला ते एकच वाक्य ऐकवत, "काळजी नको करू, थोडं उजळ करून देतो." कुणाला मागावं लागत नसे. दुकानाची रीतच होती ती.

आज तिचा स्वतःचा फोटो पाठवायचा होता. कळंबची मंडळी रविवारी तिला बघायला येणार होती.

"पाच वाजेच्या आत पाठव," कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावत घनश्यामराव म्हणाले. "मांगचाच पाठव. चांगला आलता तो."

ते एका शाळेत ग्रुप फोटो काढायला निघून गेले.

मागचा फोटो इतका चांगला आला होता की दिग्रसची मंडळी तो पाहून लगेच गाडी करून आली होती. उर्वशीने पोह्यांच्या प्लेटी दिल्या आणि मान खाली घालून उभी राहिली. मुलाची आत्या पोहे खाता खाता म्हणाली, "आता मुलीले बोलवा नं." आईने उगाच पदर सावरला. धाकटा भाऊ विक्की मोबाइलमध्ये बघत राहिला. उर्वशी आत गेली आणि पाण्याचे ग्लास घेऊन पुन्हा बाहेर आली. दुसरं काय करावं ते तिला सुचलंच नाही.

त्याला चार महिने झाले. रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली होती; आलं नाही. चहाने जीभ पोळली की चव जाते ना, तसं झालं होतं तिचं. कुणी चांगलं बोललं तरी ठीक, वाईट बोललं तरी ठीक.

शेजारच्या खुर्चीत विक्की मोबाइलवर मालिका बघत होता. उडत्या घोड्यांच्या राज्याची, विदेशी, हिंदीत डब केलेली. कुठल्याशा गाजलेल्या कादंबरीवरून काढलेली म्हणे.

"वाट लावली यायनं," तो म्हणाला. "पाह्य. राजकुमार गोरापान अन् त्याची सख्खी बहीण काळीकुट्ट. कोणाले पटन का हे?"

"पुस्तकात कशी आहे?"

"दुधासारखी गोरी."

"तू वाचलं?"

"मी कायले वाचतो? कमेंटमधी सारे लिहून राह्यले."

पडद्यावर राजकन्या बारा वर्षांच्या कैदेतून सुटून किल्ल्याच्या दारात उभी होती. पहारेकरी तिला आत घेईनात. राजकुमार गर्दीतून आला, त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, बाजूला व्हा, माझी बहीण आहे. बस, एवढंच.

"सख्खे भाऊबहीण असे असतात का कुठं?" विक्की म्हणाला.

समोरच्या भिंतीवर त्या दोघांचा राखीचा फोटो लावलेला होता. विक्की आईवर गेलेला, उर्वशी बापावर. पण फोटोत दोघं एकाच रंगाची. ती फोटोकडे बघत राहिली. विक्कीचीही नजर तिकडे गेली. त्याने मालिका बंद केली नाही, आवाज तेवढा कमी केला.

तिने मागचा फोटो उघडला आणि रंगाची पट्टी उलटी ओढली. चेहरा राखेसारखा झाला. मूळ फोटो शोधला, तर तो नव्हताच. घनश्यामराव मूळ फोटोवरच काम करून ठेवत, जागा वाचते म्हणून. मोबाइल तर आपणहूनच उजळ करायचा. वाढदिवस, दहावीचा निरोप समारंभ, कॉलेजचं ओळखपत्र, ती एकेक उघडत गेली. सगळीकडे तीच गव्हाळ मुलगी. आपल्या रंगाचा आपला एकही फोटो नाही हे तिला कळलं, आणि कळूनही काही वाटलं नाही.

मग एका लग्नाच्या फोटोवर तिचा हात थांबला. नवरी आरशासमोर बसली होती. आरशाच्या कोपऱ्यात उर्वशी होती, थर्माकोलची पाटी धरून नवरीच्या तोंडावर उजेड पाडणारी. तिथे ती आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, म्हणून तिला कुणी उजळ केलं नव्हतं. काळीसावळी, केस विस्कटलेले, कशाला तरी मनापासून हसत असलेली. उर्वशीने डोळे पुसले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

तिने तेवढाच कोपरा कापून मोठा केला आणि कळंबचा नंबर काढला.

"विक्की, हा पाह्य."

त्याने खुर्ची सरकवली आणि बराच वेळ पाहिलं.

"बाबा खवळतीन."

"हो."

"अन् कळंबवाले नाई आले त?"

"नाई त नाई. आले त 'मुलीले बोलवा' असं तरी नाई म्हणणार."

विक्कीने मान खाली घातली. मग तिच्या हाताखालून माऊस ओढून घेतला आणि त्यानेच फोटो पाठवला.

घनश्यामराव परत आले ते गिऱ्हाईक घेऊनच. मायलेकी होत्या.

"पाठवला का?"

"पाठवला," विक्की म्हणाला. "तिचाच पाठवला, बाबा."

"मंग काय शेजारणीचा पाठवणार होता?" घनश्यामराव हसले. त्यांनी आलेल्या मुलीला स्टुलावर बसवलं. "काळजी नको करू, थोडं उजळ करून देतो. उर्वशी, पाटी धर."

उर्वशीने पाटी उचलली. मुलीचा रंग जवळजवळ तिच्यासारखाच होता.

"तुले पाहिजे का उजळ?" तिने विचारलं.

मुलीने आधी आईकडे पाहिलं.