शहाण्णवच्या जागी अठ्ठ्याऐंशी

झारेनने हातोडा उचलला त्याच्या वीस मिनिटं आधीच मार्तीझला कळून चुकलं होतं, की चूक तिची आहे.

ग्झीरा गावातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत ऑनलाइन कसिनोचे खेळ तपासले जात. खेळ एक कंपनी बनवायची, कसिनो तो चालवायचा, आणि मधे या कचेरीचं प्रमाणपत्र लागायचं : शंभर युरो लावले, तर लाखो फेऱ्यांच्या सरासरीने इतके परत येतात. ‘सोनेरी मासा’ दोन फायलींत आला होता. एक शंभरातले शहाण्णव परत देणारी, दुसरी अठ्ठ्याऐंशी. दोन्ही कायद्यात बसणाऱ्या. कसिनोने हवी ती लावावी, फक्त खेळणाऱ्याला तोच आकडा दाखवावा. बाहेरून दोघी जुळ्या बहिणींसारख्या. ओळखायच्या त्या चाळीस अक्षरी ठशावरून, संगणकाने काढलेल्या, प्रत्येक फायलीला वेगळ्या. मार्तीझने दोन्ही नीट तपासल्या, आणि शहाण्णवच्या प्रमाणपत्रावर अठ्ठ्याऐंशीचा ठसा चिकटवला. बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन तिला नऊ दिवस झाले होते. तान्ह्या तीनाला दात येत होते.

कसिनोवाल्यांनी लावलेल्या फायलीचा ठसा प्रमाणपत्राशी ताडला, जुळला. सरकारी प्राधिकरणाने ताडला, जुळला. कुणी खोटं बोललं नव्हतं. पाच महिने लोक शहाण्णव वाचत होते आणि अठ्ठ्याऐंशीवर खेळत होते. आज सकाळी चार कोटी फेऱ्यांचा हिशेब आला, परतावा अठ्ठ्याऐंशीच निघाला, तेव्हा तिच्या हातातला चहा तसाच राहिला.

ती सिल्व्हियोकडे गेली. बावीस वर्षं याच कामात घासलेला माणूस, डोक्यावर केस कमी, आवाज सावकाश.

“दार लाव,” तो म्हणाला. “आणि आधी श्वास घे.”

“प्राधिकरणाला आजच कळवायला हवं.”

“कळवशील. आणि मग? कचेरीचा परवाना जाईल, तू जाशील, मी जाईन. कसिनोवाल्याला मी फोन करतो. दुपारपर्यंत फाईल बदलेल. कुणाला पत्ताही लागणार नाही.”

“पण सिल्व्हियो, ज्यांचे गेले त्यांचं काय?”

“पोरी, ज्यांचे जायचे त्यांचे जातातच. त्यासाठीच तर खेळ आहे तो.”

ती काही बोलायच्या आत बाहेर काच फुटली.

झारेनला दोघांनीही आधी पाहिलेलं नव्हतं. मकाब्बा गावचा पाथरवट, पन्नाशीचा; भुवयांतसुद्धा खाणीची पिवळट भुकटी. खेळाच्या तळाशी कचेरीचा शिक्का असतो, त्यावर बोट ठेवलं की प्रमाणपत्र उघडतं, आणि प्रमाणपत्रावर सही असते. तेवढ्या एका नावावर तो आला होता. स्वागताच्या टेबलावरचा संगणक त्याने एका घावात चेंदला, मग भिंतीवरचा टीव्ही, मग पाण्याचं पिंप. घाव अंदाधुंद नव्हते. दगड कुठे फुटतो हे माहीत असलेल्या माणसाचे होते.

“एम. शेर्री कोण?”

सिल्व्हियोने मार्तीझला टेबलाआड ढकललं आणि दारात उभा राहिला. “मी. बोला.”

“खेळात लबाडी आहे.”

सिल्व्हियो हे वाक्य महिन्यातून चारदा ऐकायचा. त्याचं उत्तर तोंडपाठ होतं, आणि सवयीने तेच बाहेर पडलं. “हे बघा साहेब, दहा-वीस हजार फेऱ्यांवरून काही सिद्ध होत नाही. लाखो फेऱ्यांची सरासरी...”

हातोड्याचा दांडा त्याच्या जबड्यावर बसला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. सिल्व्हियो गुडघ्यांवर आला, तोंडातून रक्ताची तार लोंबली. झारेनने त्याची कॉलर धरून डोकं कपाटावर आपटलं, एकदा, दोनदा.

“सरासरी सांगतोस मला? माझ्या आईबापाचं घर होतं ते. सरासरीने गेलं होय?”

मग त्याने हातोडा फिरवून दांडा मुठीत घेतला, लोखंड पुढे केलं. आता पुढचा घाव कसला असणार हे मार्तीझला दिसलं. तिची छाती दुधाने दुखत होती, आणि मनात एकच मूर्ख विचार होता, की तीनाची दुपारची बाटली फ्रीजमध्ये आहे हे सासूला सांगितलं की नाही.

“शेर्री मी आहे,” ती उभी राहून म्हणाली. “त्यांना सोडा. तुमचं बरोबर आहे.”

झारेन थांबला. “काय बरोबर आहे?”

“लबाडी नाही, पण चूक. माझी. लिहिलं शहाण्णव, देत होता अठ्ठ्याऐंशी.”

हातोडा हळूहळू खाली आला. गेले तीन महिने त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. कसिनोने, भावाने, गावातल्या बँड क्लबमधल्या मित्रांनी. आता कुणीतरी हो म्हणत होतं, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा सैल पडला.

“म्हणजे शहाण्णव असते, तर माझं घर राहिलं असतं,” तो म्हणाला. विचारलंही नाही, हक्काने सांगितलं.

जमिनीवरून सिल्व्हियो तिच्याकडे बघत होता. जबडा हलत नव्हता, पण डोळे ओरडत होते : हो म्हण, बाई, हो म्हण. एका शब्दात सुटका होती; त्याला तेवढंच ऐकायचं होतं. तीनाला संध्याकाळी आई मिळाली असती.

पण तिच्या सहीची एकच किंमत होती, आकडा खरा असण्याची; ती एकदा गेली होती, आणि या माणसाला ती दुसऱ्यांदा खोटा आकडा देणार नव्हती.

“नाही,” ती म्हणाली. “तरीही गेलं असतं. शंभरातले बाराऐवजी चार. तिप्पट सावकाश. किती दिवसांत गेले तुमचे?”

“पाच आठवडे.”

“मग पंधरा लागले असते.”

झारेन ओठ हलवत आठवडे मोजत राहिला. “चेत्ता, माझी बायको,” तो म्हणाला, “आईच्या आजारपणात गोझो बेटावर होती. सात आठवडे. परत आली तेव्हा सगळं संपलेलं. ती असती तर दुसऱ्याच दिवशी फोन हिसकावून घेतला असता तिने.” तो मार्तीझकडे बघत राहिला. “सातव्या आठवड्यात निम्मं तरी असतं.”

“हो,” ती म्हणाली. “असतं.”

घाव तिच्या टेबलावर टेकलेल्या उजव्या हातावर पडला. आधी दुखलंच नाही; फक्त तीन बोटं भलत्या दिशेला गेलेली दिसली. मग वेदना खांद्यापर्यंत चढली आणि ती किंचाळली. झारेनने पुन्हा हातोडा उचलला, तिच्या ब्लाउजवर दोन ओले डाग पसरत होते ते त्याला दिसले, आणि तो हात तसाच वर घेऊन उभा राहिला. कुणीतरी बोलावलेल्या पोलिसांनी मागून त्याला पाडलं तेव्हा त्याने प्रतिकार केला नाही. त्यांनी मात्र दया केली नाही. पाठीत गुडघा रोवून त्याचं तोंड फुटक्या काचांत दाबलं.

“पुरे,” मार्तीझ म्हणाली. “अहो, पुरे.”

मातेर देईच्या इस्पितळात सिल्व्हियोचा जबडा तारेने बांधला. बोलता येत नव्हतं म्हणून त्याने कागदावर लिहिलं : कसिनोवाल्याला मेसेज केला, फाईल बदलली. तो वेडा होता. एवढंच सांग.

जबाब घ्यायला आलेला हवालदार तरुण होता, घाईत होता. “नेहमीचंच ना ताई? हरले, की खेळात लबाडी आहे म्हणतात.”

मार्तीझने पलंगावरच्या सिल्व्हियोकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले.

“तो खरं बोलत होता, तेवढं लिहा,” ती म्हणाली. “पुढे लिहा, की पाच महिन्यांत त्या खेळावर जे जे हरले, त्यांना लावलेल्या पैशांतले आठ टक्के परत मिळायला हवेत. आणि तुमचा फोन द्या मला जरा. प्राधिकरणाला मीच सांगते.”

हवालदाराने लिहिणं थांबवलं. “ताई, अशाने त्याची शिक्षा कमी होईल. तुमची नोकरी जाईल.”

“हो,” ती म्हणाली, आणि डाव्या हाताने, एकेक आकडा चुकत-सुधारत, नंबर लावू लागली.