गाडीपाशी कोणीतरी हवं

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. रंग पिवळा, निदान कागदोपत्री तरी. पुढे दोघांची जागा, मागे समोरासमोर दोन लांब बाकं, वर पत्रा. माझ्यात दहा माणसं बसवावीत असा नियम होता. मी अठरा नेली, आणि एकदा त्यांच्यासोबत एक डुक्करही.

आमचं माए लुन हे गाव डोंगरांच्या खळग्यात आहे. बाजारातून निघायचं, खिंड चढायची, गरम पाण्याच्या झऱ्यापाशी थोडी माणसं उतरवायची आणि उरलेली धबधब्याच्या फाटकाशी. बावीस वर्षं मी हेच केलं.

मी नवी आले तेव्हा भिक्खूंनी माझ्या छताला आतून पांढरे ठिपके काढले. स्टिअरिंगला तीन रंगांचं फडकं आणि आरशाला मोगऱ्याची माळ बांधली. त्या दिवसापासून माझ्यात देवी राहायला आली, असं सगळे म्हणाले. प्रत्येक गाडीत ती असतेच. मला आत कधी कोणी दिसलं नाही. पण मला कोणी विचारलंही नाही.

माझे मालक खामपनकाका. अबोल माणूस. बोलायचे ते फक्त देवीशी. खिंडीतल्या देवळीपाशी तीनदा हॉर्न द्यायचा आणि हळूच म्हणायचं, "माय, चढ आला. सांभाळ गं." मी माझी चढत असे. श्रेय देवीला जाई.

शेजारच्या सीटवर त्यांची बायको बुआफान बसायची, मांडीवर चिकट भाताची टोपली घेऊन.

"गाडीतल्या देवीशी किती गोड बोलता," ती म्हणायची. "घरातलीच्या वाट्याला एक शब्द येईल तर शपथ."

"ती उलटून बोलत नाही," काका म्हणायचे.

फाटकापासून धबधबा तासाभराच्या चढणीवर. बुआफान प्रवाशांना घेऊन वर जायची. लोकांच्या पायात महागडे बूट, हिच्या पायात रबरी चपला. घसरायचे मात्र बूटवालेच. कुठल्या झाडावर कुठलं ऑर्किड केव्हा फुलतं, कुठली अळंबी खायची आणि कुठलीला नुसता नमस्कार करायचा, हे तिला तोंडपाठ होतं. निघताना ती दर वेळी विचारायची, "तुम्ही येता का वर?"

"गाडीपाशी कोणीतरी हवं," काका म्हणायचे.

"कोण नेतंय तुमचा हा डबा?"

तिचं बरोबर होतं, मित्रांनो. मी सकाळी काकांनाही दहा मिनिटं विनवण्या केल्याशिवाय चालू होत नसे. चोराला कुठला एवढा वेळ? पण काका माझ्या सावलीत बसून राहायचे. अख्ख्या जगाला धबधब्याच्या दारात आणून सोडणाऱ्या या माणसाने धबधबा कधी पाहिलाच नाही.

मार्चमध्ये आमचे डोंगर पेटतात. एका वर्षी धूर महिनाभर खाली बसून राहिला. बुआफानला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस गेलं आहे. त्या उन्हाळ्यात मीच तिला दवाखान्यातून घरी आणलं. ती म्हणाली, "पावसानंतर पाणी भरलं की एकदा चला वर. इतकी वर्षं गेली, बघा तरी कसं पडतं ते."

"बघू," काका म्हणाले. "गाडीपाशी कोणी मिळालं तर."

ती पावसाआधीच गेली.

महिन्याने काकांनी मला पुन्हा रस्त्यावर काढलं. खिंडीत तीनदा हॉर्न दिला. मग म्हणाले, "बुआफान, चढ आला."

त्यानंतर माझ्यातल्या देवीचं तेच नाव झालं. काका बोलू लागले. गुडघा, लसणाचा भाव, लेकीची नोकरी, कालची आमटी खारट झाली. ती जिवंत असताना बावीस वर्षांत बोलले नसतील एवढं चार महिन्यांत बोलले. शेजारच्या सीटवर कोणाला बसू देत नसत. मी सगळं ऐकत होते. ऐकायला माझ्याशिवाय आत दुसरं कोणी नव्हतं.

मग काकांचे डोळे अधू झाले. त्यांची लेक साईरूंग म्हणाली, "बाबा, काल तुम्ही म्हशीपाशी गाडी थांबवून 'बसा बाई' म्हणालात."

"हात करत होती ती."

"शेपूट होतं ते."

साईरूंगने पांढरी, बंद काचांची नवी गाडी घेतली. मला धबधब्याच्या फाटकाशी कॉफी विकणाऱ्याने शोभेसाठी मागितलं. जाण्याआधी रीतीप्रमाणे देवीला नव्या गाडीत न्यायचं होतं. काकांनी माझ्यासमोर उदबत्ती लावली, फडकं सोडलं, माळ उतरवली आणि हात जोडून म्हणाले, "चल, बुआफान. नव्या गाडीत एसी आहे."

मी फार लक्ष देऊन पाहिलं. माझ्यातून कोणीही उतरलं नाही. पण हे त्यांना सांगणार कसं?

आता माझ्यात इंजिन नाही. बाकांवर फुलझाडं लावली आहेत. चालत होते तेव्हा माझा एकही फोटो कोणी काढला नाही. आता दिवसाला शंभर निघतात.

गेल्या नोव्हेंबरात पांढरी गाडी फाटकाशी आली. साईरूंगने दार उघडलं. "बाबा, आज तरी वर चला. आता पायऱ्या केल्यात."

"तू ने पाहुण्यांना. गाडीपाशी कोणीतरी हवं."

"कुलूप लागतं हो तिला."

"असू दे."

ती पाहुण्यांना घेऊन वर गेली. काका चाचपडत माझ्याकडे आले. डावीकडचं दार उघडलं आणि बुआफानच्या जागेवर बसले. तिथे ते कधीच बसले नव्हते. तिथून पाण्याचा आवाज येतो. हात मांडीवर ठेवून ते ऐकत बसले. मी वाट पाहिली. गुडघ्याबद्दल सांगतील, लसणाबद्दल सांगतील.

ते एक शब्द बोलले नाहीत. का बोलावं? त्यांच्या लेखी मी रिकामी होते. त्यांनीच तर तिला नेलं होतं.

ओल्या केसांची माणसं खाली आली तशी ते उठले आणि पांढऱ्या गाडीत जाऊन बसले. दार लागण्याआधी मला ऐकू आलं, "निघू या, बुआफान."

मित्रांनो, गाड्यांची निगा राखा. तेल बदला, चाकांत हवा भरा. पण आपलं माणूस वर चला म्हणालं, तर किल्ली खिशात टाका आणि जा. मी बावीस वर्षं फाटकाशी उभी राहिले आहे, म्हणून सांगते. गाडीपाशी कोणी नसलं तरी चालतं.