घरातली प्रत

दादांनी दुरुस्ती पाठवली की लगोलग उत्तर यायचं, ‘छान काम, दादा. घेतलं.’ उत्तराखाली नाव धाकट्याचं असायचं, पण धाकटा तेव्हा जेवत तरी असायचा, नाहीतर ऑफिसच्या मीटिंगमध्ये पेंगत तरी. उत्तर धाडायचा तो त्यानं लिहून ठेवलेला एक चिमुकला प्रोग्राम. कौतुक करायलासुद्धा माणूस लागत नाही हे धाकट्यानं सिद्ध करून दाखवलं होतं, आणि वर त्याला त्याचा अभिमान होता.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. लिस्प नावाची एक कंसांनी गच्च भरलेली संगणकाची भाषा आहे. तिच्यात दादांनी संख्याशास्त्राची एक लायब्ररी, म्हणजे आयत्या हिशेबांचा संच, लिहिली होती. सरासरी काढा, मध्यक काढा, हव्या त्या आकड्यांचा कल बघा. ज्याला हवी त्यानं ती फुकट इन्स्टॉल करावी, ज्याला खोट दिसेल त्यानं दुरुस्ती पाठवावी. कुठल्या कुठल्या दवाखान्यांतले आणि प्रयोगशाळांतले लोक ती वापरायचे. दुरुस्ती घ्यायची की नाही हे मात्र दादा ठरवायचे. माणूस बुद्धीनं तल्लख, पण जिभेला हाड नाही. धाकट्यानं उमेदीनं पहिली दुरुस्ती पाठवली तेव्हा दादांनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘लिहिणाऱ्याला कंस मोजता येतात. डोकं वापरता यायला लागलं की पुन्हा पाठवावं.’ सख्ख्या भावाला! ओळखीपाळखीचे सगळे हसले. धाकट्यानं ते वाक्य जपून ठेवलं, लोक दागिने ठेवतात तसं.

मग दादांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करून त्यांनी जी पहिली दुरुस्ती चढवली, तिनं हाहाकार केला. आकड्यांमधल्या रिकाम्या जागा त्यांनी शून्य धरल्या होत्या. म्हणजे ज्या रोग्याचं वजन कुणी केलंच नाही, त्याचं वजन शून्य. सरासऱ्या धडाधड कोसळल्या, तक्रारींचा पाऊस पडला, आणि लायब्ररीच्या किल्ल्या धाकट्याकडे आल्या. इथवर कुणी त्याला दोष देणार नाही.

वहिनींनी त्याला जिन्यात गाठलं. “भाऊजी, त्यांचं सगळं घ्याच असं मी म्हणत नाही. पण तोंडावर नाही म्हणू नका. सकाळी अंथरुणातून उठतात ते तेवढ्यासाठी.”

धाकट्यानं मान डोलावली आणि एक शक्कल लढवली. लायब्ररी चालवायला घेतली की लिस्पची यंत्रणा आधी संगणकातल्याच एका ठरलेल्या फोल्डरात बघते. तिथं सापडली तर बाहेरून आणायच्या भानगडीत पडत नाही. दादांच्या संगणकावर त्यानं त्या फोल्डरात लायब्ररीची वेगळी प्रत ठेवून दिली. दादांनी काहीही पाठवलं तरी प्रोग्राम ते त्या प्रतीत घालायचा आणि उत्तर धाडायचा. दादा रोज सकाळी आपली दुरुस्ती चालवून बघायचे आणि समाधानानं चहाचा कप डाव्या हातात घ्यायचे. ती प्रत वापरणारा अख्ख्या जगात एकच माणूस होता.

वहिनींना ही दया वाटायची. दया करणारा माणूस ऑफिसात चहाच्या वेळी मोबाइल काढून “बघू, आज आमच्या थोरल्या साहेबांनी काय दिवे लावलेत” असं म्हणत नाही. धाकटा म्हणायचा. आतलं काही वाचायचाही नाही, दुरुस्तीचं नुसतं शीर्षक सगळ्यांना दाखवायचा. बरोबरचे लोक हसायचे. भावाच्या तोंडाला पानं पुसायची आणि पुन्हा त्यावर चहा प्यायचा, असं बरंच चाललं.

मग दादांचा जुना संगणक बंद पडला. मुलीनं नवा आणून दिला. त्या फोल्डराची भानगड तिला कुठून ठाऊक असणार? दादांनी कुणाला हात लावू दिला नाही. सगळं एका बोटानं स्वतः इन्स्टॉल केलं. या वेळी लायब्ररी बाहेरून आली, म्हणजे खरी आली. त्यांनी आपण दुरुस्तीत घातलेलं नवं फंक्शन चालवलं. मशीन म्हणालं, या नावाचं फंक्शन नाही. आधीचं चालवलं. तेही नाही. त्याच्या आधीचंही नाही. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्या भल्या माणसानं सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल केलं.

“त्यांचं काम सापडत नाहीये म्हणतात. जेवले पण नाहीत,” वहिनींचा फोन आला. रविवारी सकाळी धाकटा पेन ड्राइव्ह खिशात घालून गेला. त्यात ती घरातली प्रत होती.

“नव्या मशीनला थोडं सेटिंग करावं लागतं, दादा. आत्ता होईल बघ.”

दादांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. “खऱ्यात... नाही?”

“आहे रे. नसायला काय झालं?”

“वाचलंस? एक... तरी?”

“सगळं वाचलंय मी.”

“शेवटचं... कशाचं होतं?”

धाकट्याला आठवेना. त्याचं शीर्षक त्यानं चहाच्या टेबलावर दाखवलं होतं, लोक हसले होते, तेवढंच आठवत होतं. वहिनी ओला फडका हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

“सांगा ना, भाऊजी,” त्या म्हणाल्या. तो सांगेल असं त्यांना खरंच वाटत होतं.

दादांनी मनगट सोडलं.

घरी आल्या आल्या धाकट्यानं सगळं उघडून वाचायला घेतलं. सुरुवातीचं कचरा होतं, त्याला इलाज नव्हता. पण आजार मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात, तसा तो जात होता आणि ते ओळीओळीत दिसत होतं. मधल्या दुरुस्त्या बऱ्या होत्या. अलीकडच्या चोख होत्या. शेवटचं फंक्शन होतं वजनी मध्यकाचं, म्हणजे प्रत्येक आकड्याचं महत्त्व धरून मध्यक काढायचं. पाहणी करणारे लोक ते कधीपासून मागत होते. धाकट्यानं स्वतः त्याच्यावर डोकं आपटून हात टेकले होते. दादांनी एका बोटानं ते लिहून, तपासून, चाचणीसकट पाठवलं होतं, आणि पाच-सहा जण त्याच्या शीर्षकाला हसले होते.

त्याला स्वतःची शिसारी आली. संध्याकाळच्या आत त्यानं ते फंक्शन खऱ्या लायब्ररीत घातलं, दादांच्या नावानं. सकाळी फोन करून सांगू, दादा खूश होतील, झालं गेलं विसरतील, असे मांडे मनात खात तो झोपला.

सकाळी फोन करायच्या आधी दादांची दुरुस्ती येऊन पडली होती. या वेळी त्यानं ती लगेच उघडली. एकच ओळ होती, तीही खोडलेली. लायब्ररीच्या माथ्यावर मूळ लेखक म्हणून दादांचं नाव होतं ती ओळ. सोबत एका बोटानं टाइप केलेली टीप होती, ‘एवढं तरी खऱ्यात घाल.’

फोन वाजला. वहिनी होत्या.

“तुमचं उत्तर आलं, भाऊजी. त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. एकदा वाचलं, तर म्हणाले पुन्हा वाच.” त्यांचा आवाज कोरडा होता. “‘छान काम, दादा. घेतलं.’ काय घेतलंत हो तुम्ही?”

तो प्रोग्राम बंद करायचा राहून गेला होता. धाकट्यानं घाईघाईनं लॅपटॉप ओढला, आधी प्रोग्राम बंद केला आणि मग बोलायला तोंड उघडलं. तोवर वहिनींनी फोन ठेवला होता.