बैल जुंपले, वाचनालय हललं

"अहो, तिकडून नाही! खिडकी फुटेल!"

ओदिला बोंबलली. पण बैलांना कोण सांगणार? दोर ताणले, खालचे ओंडके करकरले आणि अख्खं लाकडी वाचनालय टेकडीवरून किनाऱ्याकडे घसरायला लागलं. बेटावर जागा बदलायची म्हणजे घरच ओढून न्यायचं. सगळा गाव दोराला.

टेकडीवर वाचायला कुणी चढायचंच नाही. ओदिलाला ते बरंच होतं. वाचनालयाची नोकरी धरली होती ती शांत खोलीसाठी, गोष्टी लिहायला मिळतील म्हणून. वर्ष गेलं. एक ओळ लिहायची, चिडायचं, कागद शेगडीत. मग वरून हुकूम आला: वाचक नाहीत तर कुलूप लावू. खाली आणून बघा, महिन्यानं साहेब तपासायला येतील.

घर हलकं व्हावं म्हणून आदल्या दिवशी पुस्तकं गावात वाटून ठेवली होती. ज्याच्या हाताला जी लागली ती त्याच्या घरी. घर नव्या जागी बसलं, ओढणाऱ्यांना शिंपले, बटाटे, सफरचंदाची दारू अशी मेजवानी झाली, लोक पांगले. पुस्तकं काही परत येईनात.

साहेब यायचा दिवस जवळ आला तशी ओदिला तणतणत निघाली.

"एर्मिंदा मावशी, माझी पुस्तकं?"

"देते की. पाय फुटलेत का त्यांना?"

"साहेबाला काय रिकाम्या फळ्या दाखवू?"

"अगं, गोष्टीतल्या त्या बाईचा नवरा समुद्रावरून परत येतो का, तेवढं तर कळू दे! आमचे हे रोज दोनच पानं वाचून दाखवतात. डोळे दुखतात म्हणे. मेला मुद्दाम करतो."

पुढं बैलवाले एलिएसेर काका कुंपणापाशीच भेटले.

"माझ्याकडं गोष्टीचा पहिला भाग आलाय," ते कुरकुरले. "दुसरा त्या शेजारच्या बार्रियाकडं."

"मग?"

"मग काय! कुंपणाच्या भांडणापासून तोंड बघत नाही मी त्याचं. काल गेलो. तर म्हणतो कसा, आधी तुझ्या भागात काय झालं ते सांग, मग देतो. सांगत बसलो संध्याकाळभर."

ओदिला हात हलवत परत आली.

साहेब पावसात भिजून बोटीतून उतरले. फळ्यांकडं बघितलं.

"पुस्तकं कुठायत?"

ओदिला रिकामी फळी पुसायला लागली. "वाचायला गेलीत."

साहेबांनी भुवई उडवली. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"शेवट सांगू नको म्हटलं ना!" एलिएसेर काका आत येत ओरडले.

"तूच विचारलंस!" मागून बार्रिया. "ओ पाहुणे, दार लावा, वारा येतोय!"

साहेबांनी मुकाट दार लावलं. दोघं म्हातारे शेगडीपाशी बसून भांडायला लागले. मागोमाग एर्मिंदा मावशी आली, एक पुस्तक टेबलावर आपटलं. "आला गं बाई नवरा परत! दुसरं दे." मग रिकाम्या फळ्या दिसल्या. "अगं, आता मी काय नेऊ?"

साहेबांनी टोपी काढून झटकली.

"अजून पुस्तकं पाठवावी लागतील," ते म्हणाले.

ओदिला खुर्चीत बसली. गोंगाट चालूच होता. तिनं कागद ओढला. एक ओळ झाली, दुसरी झाली, मान वर झाली नाही.

"पोरी, शेगडी विझायला लागली," बार्रिया म्हणाला. "टाक की तुझे कागद, रोजच्यासारखे."

तिनं कागदावर हात ठेवला.

"थांबा, लाकडं आणते," म्हणाली आणि कागद घडी करून खिशात घालून पावसात गेली.